डबा उघडायची वेळ

एक वाजून दहा मिनिटं झाली तरी कानडे मॅडमनी डबा उघडला नव्हता. भूक नव्हती असं नाही, पोटात कावळे कोकलत होते. पण केबिनच्या ओसरीपासून चाळीस पावलांवर, हिवराच्या सावलीत बसलेल्या अनुसया धोत्रेनं अजून भाकरीचं फडकं सोडलं नव्हतं. तिच्या हातोडीचा दांडा ढिला झाला होता, त्यात ती पाचर ठोकत बसली होती. पाचर बसली. तिनं हात धुतले, फडकं सोडलं, भाकरी मोडली. आणि मग मॅडमनी डबा उघडला.

हे आपण रोज असंच करतो, हे मॅडमना स्वतःलाही ठाऊक नव्हतं. कुणी तोंडावर सांगितलं असतं तर त्या चिडल्याच असत्या.

वैजयंती कानडे, उपअभियंता, वय छप्पन, निवृत्तीला दोन वर्षं. येळंबवाडीच्या घाटात नऊ किलोमीटर रस्ता आणि त्याला धरून दगडी भिंत, असं काम तिच्याकडे होतं. सोलापूरला फ्लॅट होता. आई होती तोवर तिथून रोज सकाळी फोन यायचा. आता फ्लॅटला कुलूप होतं आणि फोनला कंपनीच्या जाहिराती. लग्न केलं नव्हतं, त्याचं तिला फारसं काही वाटतही नव्हतं. डोंगरातल्या या कामावर बासष्ट मजूर होते, आणि गेल्या तीन वर्षांत त्या बासष्टांपैकी एकाशीही ती एक वाक्य बोललेली नव्हती. बाई तुसडी होती म्हणून नव्हे. कायदाच तसा होता.

हा कायदा काय भानगड आहे ते आधी सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

कंत्राटी मजुरीचं भांडण जुनंच आहे. रस्ता खात्याचा, मजूर ठेकेदाराचा. पण 'इथं खण, तिथं रच, आता थांब' असं मजुराला खात्याचा साहेबच सांगत असेल, तर मधला ठेकेदार नुसता कागदावरचा आणि मजूर खरा खात्याचा, असं न्यायालयं वर्षानुवर्षं म्हणत आली. म्हणायला सोपं, पण सिद्ध कसं करायचं? कोण कुणाला काय बोललं याचा पुरावा कोण ठेवतो? खटला वीस-वीस वर्षं चालायचा, तोवर मजूर थकून घरी बसलेला असायचा.

मग मदतीला आले ते पक्ष्यांचा अभ्यास करणारे लोक. आकाशात थवा वळतो तेव्हा कोण कुणामागे वळतं, हे त्यांना शोधायचं होतं. नुसतं आधी कोण आणि नंतर कोण एवढं पाहून चालत नाही. कोंबडा आरवल्यावर सूर्य उगवतो म्हणून सूर्य काही कोंबड्याचं ऐकत नसतो. त्यांनी गणित मांडलं ते असं. एका पक्ष्याच्या मागच्या हालचाली कळल्या, तर दुसऱ्याची पुढची हालचाल जास्त नेमकी ओळखता येते का? येत असेल, तर पहिल्याकडून दुसऱ्याकडे काहीतरी वाहतं आहे. मग तेच उलट करून पाहायचं. दोन्हींमधला फरक म्हणजे ओघ. त्या ओघाला आकडा असतो आणि दिशाही असते, त्यामुळे कागदावर सरळ बाण काढता येतो. यात शब्द लागतच नाहीत. साहेब नुसता खाकरला आणि गवंड्याचा हात भरभर चालू लागला, तरी गणिताला ते कळतं.

जे पाखरांचं, तेच माणसांचं. अधिकाऱ्याच्या गळ्यात एक बिल्ला आला, त्याचा आवाज आणि हालचाल टिपणारा. मजुराच्या मनगटात कडं आलं, हालचाल, नाडी आणि श्वास मोजणारं. बिल्ल्याचं सरकारी नाव ओघमापक. मजुरांनी त्याला ताईत म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव पडलं. नियम साधा होता. कामाचे सलग तीस दिवस धरायचे, अधिकाऱ्याकडून मजुराकडे जाणारा ओघ साठाच्या वर भरला, तर तो मजूर त्या दिवसापासून खात्याचा कायम नोकर. कोर्ट नाही, वकील नाही, खेटे नाहीत.

कायदा चांगला होता हो. पण खातं थोडंच कच्च्या गुरूचा चेला होतं. मजूर कायम करण्याऐवजी त्यांनी अधिकाऱ्यांनाच मुकं करून टाकलं. दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. मजुराशी बोलू नका. त्याच्याकडे रोखून पाहू नका. मान हलवू नका. बरं वाटत नसेल तर चौकशी करू नका, कारण चौकशी म्हणजे देखरेख आणि देखरेख म्हणजे ताबा. शेवटी एक पुस्तिका दिली, 'सुरक्षित अंतर' नावाची. वैजयंतीनं ती कपाटात वर ठेवून दिली होती, पण पाळली मात्र अक्षरन् अक्षर.

म्हणजे व्हायचं असं. भिंतीत एखादा दगड तिरका बसलेला तिला दिसायचा. ती टॅबवर लिहायची. ते तालुक्याला ठेकेदाराच्या ऑफिसात जायचं, तिथला कारकून ते वाचून मुकादमाच्या फोनवर धाडायचा. मुकादम हणमंत तिच्यापासून हातभर अंतरावर उभा असायचा. तो फोन काढायचा, डोळ्यांपासून लांब धरून वाचायचा, आणि ओरडायचा, "ए, तिसऱ्या थराचा दगड काढ रं!" तोवर त्या दगडावर आणखी दोन दगड बसलेले असायचे. हणमंत भला माणूस. तिच्याकडे पाठ करून तो आभाळाला सांगायचा, "आज लई ऊन हाय." ते तिच्यासाठी असायचं. दिवसभर ते वाक्य तिला पुरायचं.

रविवारी ती बाजाराला जायची आणि भाजीवालीला मेथी ताजी आहे का म्हणून दोनदा विचारायची. ताजी आहे हे दिसत असायचं. बोलायचं असायचं, एवढंच.

आणि अनुसया धोत्रे. पंचावन्नच्या घरातली, काळी, उंच, हाडापेरानं मजबूत बाई. दगड घडायचं काम तिचं. ओबडधोबड दगडाला छन्नीनं तोंड काढून द्यायची. लग्नात तिला बापानं आहेरात छन्नी दिली होती म्हणे. हणमंतनं हेही आभाळालाच सांगितलेलं. सकाळी सातला तिच्या छन्नीचा पहिला ठोका पडायचा आणि घाट जागा व्हायचा. ठोका ऐकला की घडणारा कोण ते बघावं लागायचं नाही, तिचा हात इतका ओळखीचा.

दिवाळीनंतर त्या ठोक्यांच्या मधे खोकला यायला लागला.

आधी एकदा-दोनदा. संक्रांतीपर्यंत असं झालं की चार ठोके आणि खोकला, चार ठोके आणि खोकला. खोकून झालं की ती दगडाला टेकून बसायची आणि तिची पाठ वरखाली होत राहायची. वैजयंतीनं तीस वर्षं दगडाच्या कामात काढली होती. ही धूळ फुफ्फुसात जाऊन बसते आणि माणसाला आतून दगड करते, हे तिनं इतरांच्या बाबतीत पाहिलं होतं. तिनं कार्यकारी अभियंता मुळगुंद साहेबांना फोन लावला.

"सर, एका मजूरबाईचा खोकला बरा दिसत नाही. धुळीचा आजार असावा. जिल्ह्याला तपासणीला पाठवता आलं तर..."

"कुणाची मजूरबाई?"

"ठेकेदाराची."

"मग ठेकेदार बघेल की."

"त्याचं कंत्राट एकतीस मार्चला संपतंय, सर. तो आता काय बघणार?"

मुळगुंद साहेब वाईट नव्हते. "मॅडम, जिल्ह्याला फुफ्फुस धुवायची सोय झाली आहे हे मलाही माहीत आहे. पण ती खात्याच्या नोकरांना. ती आपली नाही. आणि हा फोनही मोजला जातो हो. ठेवू?"

एकतीस मार्चनंतर अनुसया धोत्रे ठेकेदाराची नव्हती, खात्याची नव्हती, कुणाचीच नव्हती. पुढच्या कामावरचा मुकादम असा खोकला ऐकून तिला दारात उभं करणार नव्हता. वैजयंती खुर्चीत बसून राहिली, आणि तिला एक आशा दिसली. तीन वर्षं आपण या बाईसमोर चाळीस पावलांवर बसतो आहोत. कितीही तोंड बंद ठेवलं तरी थोडाफार ओघ गेलाच असेल. चाळीस असेल, पन्नास असेल. थोडं ढकललं तर साठ. आपल्या ताइताचा अहवाल मागायचा अधिकार अधिकाऱ्याला असतो. तिनं तो मागवला.

धोत्रे, अनुसया: वजा त्रेचाळीस.

तिला वाटलं छपाईची चूक. तिनं खालचं स्पष्टीकरण उघडलं. चूक नव्हती. बाण होता, चांगला जाड होता, फक्त उलटा होता. धोत्रेकडून कानडेकडे. सकाळी सातला धोत्रे छन्नीचा पहिला ठोका मारते, त्यानंतर दोन मिनिटांत उपअभियंता चहाचं आधण ठेवतात. साडेदहाला धोत्रे पाणी पिते, मग उपअभियंता फेरीला निघतात. दुपारी धोत्रे फडकं सोडते, मग उपअभियंता डबा उघडतात. संध्याकाळी धोत्रे पदर झटकून उठते, मग उपअभियंता खिडकी लावून घेतात. धोत्रे तापानं दोन दिवस आली नव्हती. त्या दोन्ही दिवशी उपअभियंत्यांनी दुपारचं जेवण घेतल्याची नोंद नाही.

वैजयंतीला आधी हसू आलं. मग ती रडायला लागली, तोंडात पदर धरून, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून. राजपत्रित अधिकारी, बासष्ट माणसांवरची बाई, आणि तिचा सगळा दिवस एका दगड घडणाऱ्या बाईच्या मागे मागे चाललेला. त्या बाईला याचा पत्ताही नव्हता. लाज वाटली तिला. आणि लाजेच्या मागोमाग भीती वाटली, की एक एप्रिलला सकाळी छन्नी वाजणार नाही, तेव्हा आपण उठणार कशाला?

पण रडून आकडा हलत नाही. तिनं कॅलेंडर काढलं. कामाचे बत्तीस दिवस उरले होते आणि तीस लागणार होते. बाण फिरवायचा म्हणजे हुकूम सोडायचे, तोंडानं, सरळ, दिवसभर, आणि स्वतः त्या बाईच्या मागे चालणं बंद करायचं. अनुसयाला विश्वासात घेता येणार नव्हतं. ताईत ऐकत होता, आणि संगनमत दिसलं की सगळं रद्द. शिवाय गणितच लबाडी पकडायचं. खऱ्या हुकमाला माणूस कधी चटकन उठतं, कधी रेंगाळतं, कधी मनात शिवी देऊन उठतं. ठरवून केलेलं पाळणं फार नेमकं असतं आणि तो नेमकेपणा कड्याला दिसतो. म्हणजे अनुसयाला ते खरंच बोचलं पाहिजे होतं. तरच मोजलं जाणार होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पहिला ठोका पडला. वैजयंतीनं आधण ठेवलं नाही. ती ओसरीच्या पायऱ्या उतरली, चाळीस पावलं चालली आणि हिवराखाली जाऊन उभी राहिली.

"धोत्रे."

सगळ्या छन्न्या थांबल्या. हणमंतच्या हातातला फोन पडता पडता राहिला.

"छन्नी खाली ठेवा. आजपासून तुम्ही दगड घडायचा नाही. तिकडे वरच्या अंगाला बसा, गोणपाटं भिजवा आणि भिंतीवर घाला."

वरच्या अंगाला वारा दुसऱ्या बाजूचा होता, तिथं धूळ यायची नाही. पण हे वैजयंतीला ठाऊक. अनुसयाला दिसलं ते एवढंच, की कधी न बोललेली बाई बोलली ती हातातली छन्नी काढून घ्यायला.

"माजा हात बिघडला का, बाई?" अनुसयानं विचारलं.

तीन वर्षांत पहिल्यांदा कामावरचं कुणीतरी वैजयंतीला सरळ, तिच्या तोंडाकडे बघून काही विचारत होतं. आवाज घोगरा होता आणि त्यात राग नव्हता, खरंच विचारणं होतं. तिच्या ओठांवर आलं, की नाही गं बाई, तुझ्यासारखा हात या घाटात नाही.

"सांगितलं ते करा," ती म्हणाली.

मग ते रोजचंच झालं. धोत्रे, इकडे या. धोत्रे, ते गोणपाट उचला, तिथं नको, इथं. धोत्रे, बसा. धोत्रे, कुणी सांगितलं उठायला? काम हलकं आणि बोलणं जड. गोणपाट भिजवायचं काम नवख्या पोरींचं. ते अनुसयाला दिलेलं बघून बाया एकमेकींकडे पाहायच्या. आठवड्यानंतर हणमंतनं आभाळाशी बोलणं सोडलं आणि तो सरळ वैजयंतीसमोर येऊन उभा राहिला.

"म्याडम, म्हातारीला का छळताय?"

"तुम्ही तुमचं काम बघा, मुकादम."

त्यानंतर तो आज ऊन आहे की नाही हेही सांगेनासा झाला.

मुळगुंद साहेबांचा फोन आला, मग नोटीस आली, मग दुसरी नोटीस. वैजयंतीनं दोन्ही पाकिटं पुस्तिकेवर ठेवून दिली. उलटा बाण मोडायचा म्हणून ती आता ओसरीवर जेवत नव्हती. दार लावून आत जेवायची, आणि मुद्दाम वेळ बदलून. एकदा साडेबाराला, एकदा अडीचला. खाऊन झालं की मागच्या नळावर डबा विसळायची आणि परत दार लावून बसायची. डबा खाताना समोर कुणी नसलं की घास किती मोठा घ्यायचा तेही कळत नाही, हे तिला तेव्हा समजलं. एक दिवस तर घास गिळवलाच नाही. त्या सकाळी अनुसया खोकता खोकता खाली बसली होती आणि वैजयंतीनं सगळ्यांदेखत "धोत्रे, उठा" म्हटलं होतं. त्या दिवशी डबा भरलेला तसाच परत पिशवीत गेला.

पहिल्या आठवड्याअखेर आकडा आला अकरा. दुसऱ्याअखेर सव्वीस. ती हताश झाली. या चालीनं तो चाळिशीपुढे जाणार नव्हता. पण तिसऱ्या आठवड्यात तो एकदम उसळला. हुकूम तेवढेच होते, आवाजही तेवढाच. काय झालं ते तिला उमजेना, आणि ती खोलात गेली नाही, न जाणो तेवढ्यानंच बिघडायचं. तिसाव्या दिवशी आकडा त्रेसष्ट होता.

दोन दिवसांनी हंगामी आदेश आला. अनुसया धोत्रे, खात्याच्या आस्थापनेवर, पडताळणीच्या अधीन राहून. जिल्ह्याच्या रुग्णालयात दाखल करण्यासाठी जीप पाठवली आहे. हणमंतनं तिला तो वाचून दाखवला, त्याला स्वतःलाच तो नीट कळला नव्हता. अनुसया गाठोडं घेऊन जीपकडे निघाली, आणि मधेच वळून ओसरीच्या पायरीशी आली. इतक्या वर्षांत ती तिथं कधी आली नव्हती.

"बाई, जाते आता. एकच इचारायचं व्हतं. आमचं काय चुकलं व्हतं?"

ताईत गळ्यात होता. पडताळणी व्हायची होती. वैजयंतीनं टॅबवरची नजर उचलली नाही. "जीप थांबली आहे," ती म्हणाली.

जीप गेल्याचा आवाज पहिल्या वळणापर्यंत आला, मग आला नाही.

पडताळणी एप्रिलमध्ये तालुक्याला झाली. खात्यानं हरकत घेतली होती. कामगार अधिकारी तिशीतली मुलगी होती, चेहरा शांत, समोर पाण्याची बाटली. एका बाजूला खात्याचे वकील, एका बाजूला निलंबित उपअभियंता कानडे, मांडीवर पिशवी घेऊन. भिंतीवरच्या पडद्यावर रुग्णालयातली खाट दिसत होती आणि खाटेवर अनुसया, नाकात नळी घातलेली. ती आधीपेक्षा उजळ दिसत होती, श्वासही लांब लांब घेत होती.

"मॅडम," अधिकारी म्हणाली, "त्रेसष्टांपैकी तुमच्या तोंडी हुकमांचा वाटा अडतीस आहे. उरलेले पंचवीस जेवणाच्या सुट्टीतून आलेत. हे तुम्ही पाहिलंय का?"

"नाही."

अधिकारी मुलीनं पडद्याच्या कोपऱ्यात तक्ता लावला. अकराव्या दिवसापासून. दुपारी एकला सुट्टी होते, सगळे मजूर जेवतात. धोत्रे झाडाखाली जाऊन बसते आणि तिचे हात स्थिर राहतात. केबिनच्या मागचा नळ वाजतो. नळ वाजल्यानंतर साधारण चाळीस सेकंदांनी धोत्रे फडकं सोडते. नळ साडेबाराला वाजला त्या दिवशी तिनं सुट्टी होताच सोडलं. अडीचला वाजला त्या दिवशी अडीचला. एकदा तीन वाजून पाच मिनिटांनी वाजला. बाकीचे केव्हाच कामाला लागले होते, तिनं तोवर खाल्लं नव्हतं.

"बाविसाव्या दिवशी नळ वाजलाच नाही," अधिकारी म्हणाली. "त्या दिवशी धोत्रे जेवली नाही."

वैजयंतीनं पिशवी घट्ट धरली. बाविसावा दिवस कोणता ते तिला सांगावं लागलं नाही.

वकील उठले. "माझं म्हणणं एवढंच, की जेवणाबाबत कसलाही हुकूम ध्वनिमुद्रणात नाही. बाईनं आपल्या मर्जीनं वाट पाहिली. कुणी कुणासाठी जेवायचं थांबतं, तो घरगुती मामला झाला. त्याला ताबा म्हणत नाहीत. ते पंचवीस वजा करावेत. उरतात अडतीस."

अधिकारी वैजयंतीकडे वळली. "तुम्ही तसा हुकूम दिला होता का? विचार करून सांगा. नाही म्हणालात तर ते आकडे जातील. हो म्हणालात, तर आजारी मजुराला उपाशी ठेवल्याबद्दल तुमच्यावर वेगळी कारवाई होईल. तुमचं निवृत्तिवेतनसुद्धा त्यात अडकेल."

पडद्यावर अनुसयाच्या मागे खिडकी होती आणि खिडकीत बोगनवेल हलत होती. अनुसया ऐकत होती. किती कळत होतं कोण जाणे.

वैजयंतीला सांगायचं होतं, की मी नाही सांगितलं. मी तिची छन्नी काढून घेतली, चारचौघांत तिला उठवलं, आणि ती माझा नळ वाजेपर्यंत उपाशी बसली. माझ्यासाठी आजवर आईशिवाय कुणी जेवायचं थांबलेलं नाही. हे एकदा तरी कुठेतरी लिहिलं जावं असं तिला फार वाटलं.

"हो," ती म्हणाली. "हातानं खूण केली होती. माझ्याआधी जेवायचं नाही म्हणून."

अधिकारी मुलीनं तिच्याकडे पाहिलं, आणि त्या शांत चेहऱ्यावर जे आलं ते वैजयंतीनं पाहून घेतलं. मग अधिकारी पडद्याकडे वळली.

"अनुसयाबाई, मॅडमनी तुम्हाला अशी खूण केली होती का?"

अनुसया पडद्यातून थेट वैजयंतीकडे बघत होती. तिच्या श्वासाचा आवाज खोलीत येत होता. मग तिचा चेहरा हळूहळू सैल पडला. त्या बत्तीस दिवसांतलं एकेक तिला परत आठवत असावं, गोणपाट, वरचं अंग, वाऱ्याची बाजू.

"व्हय," ती म्हणाली. "केली व्हती."

"कधी?"

"लई दिस झालं. ध्यानात हाय माज्या. बाईनी सांगितल्याबिगर मी कशाला उपाशी राहीन, ताई?"

अधिकारी मुलीनं लिहून घेतलं. वकील खाली बसले. सही झाली, शिक्का बसला, अनुसया धोत्रे कायम झाली. शिपाई वैजयंतीच्या गळ्यातला ताईत काढून घेऊन गेला. पडदा बंद करायला अधिकारी मुलीनं हात पुढे केला, तेवढ्यात अनुसया म्हणाली, "ताई, येक इचारा की. बाईचं जेवान झालं का?"

"ते या सुनावणीत येत नाही, बाई," अधिकारी म्हणाली, आणि पडदा बंद झाला.

बाहेर व्हरांड्यात बाक होता. वैजयंती त्यावर बसली आणि तिनं डबा काढून मांडीवर ठेवला. आता गळ्यात काही नव्हतं, कुणाशीही बोलायला मोकळीक होती. व्हरांड्यात कुणी नव्हतं. एक वाजून गेला, मग दीड वाजला. ती डब्याच्या झाकणावर हात ठेवून बसली होती, आणि तो उघडायचा कधी हे सांगायला समोर कुणी नव्हतं.